भांगाच्या दिवसांत पेण-रोहा

भांग हा शब्द मला तीन अर्थांनी माहीत होता. एक केसांचा. दुसरा होळीला घोटून पितात तो. तिसरा आमच्या वाळवा तालुक्यातला: बायका खुरपं घेऊन पिकातलं तण काढायला निघाल्या की आमच्याकडे म्हणतात, भांगलायला चालल्या. चौथा अर्थ मला सुनंदाकडून कळला आणि त्यापायी एकदा तिच्या कपाटाची झडती झाली.

मिरजेला नर्सिंगच्या शिक्षणाला आम्ही दोघी एका खोलीत होतो. सुनंदा पेणजवळच्या खाडीकाठची, आगरी शेतकऱ्याची मुलगी. एखाद्या दिवशी ती गप्प गप्प असायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "काय नाय, आज मला भांग हाय." हे फिरत फिरत मेट्रनबाईंच्या कानावर गेलं. त्यांनी येऊन तिचं कपाट उघडलं. आत पोह्याचे पापड होते. बाईंनी एक पापड नाकाशी धरून हुंगला तेव्हा आम्हाला हसू आवरेना.

मग सुनंदानं सगळ्यांना समजावून सांगितलं. अमावस्या-पौर्णिमेला समुद्राची भरती जोरात चढते, ते उधाण. अष्टमी-नवमीला चंद्र अर्धा असतो, तेव्हा पाणी धड वर चढत नाही आणि धड खाली उतरत नाही. तो भांग. त्या दिवसांत पाण्याला ओढ नसते, जाळी लटकतात, मासेमारी थंडावते. "माणसालापन तसं होतंय," ती म्हणाली. "दोन दिवसांनी आपोआप चढतंय."

या गोष्टीला जन्म लोटला. आता आम्ही दोघीही निवृत्त. ती गावी भावाकडे राहते, मी इस्लामपूरला. कोजागिरी झाल्यावर तिचा फोन आला. मुलीचा, प्रणालीचा, साखरपुडा ठरला होता, रोह्याच्या मुलाशी.

"चार दिवस आधीच ये. भांगात निवांत असतो आमी," ती म्हणाली. मग जरा थांबून, "नेहमी असतो. या वेळी नाय. पन तू ये."

जिते, मग पेण

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीत मला खिडकी मिळाली आणि त्याच सुखात मी चुकले. समोरच्या बाई पिशव्या गोळा करत "आलं, आलं" म्हणाल्या. मला वाटलं पेण आलं. मीही उतरले. गाडी निघून गेली आणि पाटीवर बघते तर जिते. एवढंसं स्टेशन, दोन्ही बाजूंना भात आणि मागे डोंगर. फलाटावर मी आणि त्या बाई.

"पेनला जायाचं व्हतं काय? मंग इथं कशाला उतरलाव?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही उतरलात म्हणून."

त्यांनी डोक्याला हात लावला, पण मला वाऱ्यावर सोडलं नाही. हायवेपर्यंत चालत नेलं, पेणकडे जाणारी रिक्षा थांबवली आणि रिक्षावाल्याला बजावलं, "पावनी हाय, नीट ने." आमच्याकडे पाहुण्याला चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. इथे त्यांनी पिशवीतून तीन काकड्या काढून माझ्या हातात दिल्या.

पेणमध्ये सुनंदाचा भाऊ जनार्दन मोटारसायकल घेऊन उभा होता. उंच, काळा, डोळे झोपेनं तांबारलेले. पायांवर चिखल वाळून पांढरा झालेला. "ताई, बसा," एवढंच म्हणाला. गाव सोडल्यावर घरं संपली आणि सपाट जमीन सुरू झाली. तिला खारेपाट म्हणतात. पूर्वजांनी खाडीला मातीचा बांध घालून ही जमीन समुद्राकडून घेतली आणि तिच्यात भात पेरला. डाव्या हाताला पिकायला आलेलं सोनेरी भात होतं. उजव्या हाताला तेच भात तपकिरी, आडवं झालेलं, त्याच्या बुडाशी पाणी साचलेलं.

"हे काय झालं?" मी विचारलं.

"खारं पानी आलं," जनार्दन म्हणाला. "कोजागिरीच्या उधानाला बांध फुटला."

नारंगखार हे सुनंदाचं गाव. घरी पोचल्यावर तिनं मला मिठी मारली आणि लगेच दूर होऊन निरखलं. "सुकलीस गो." रात्री जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकट होती. खाडीकाठच्या गावात सुकट बघून मला नवल वाटलं, ते तिनं ओळखलं.

"जिताडा खायला आलीस ना? भांगात ताजी मासली कुठली. आनि असती तरी धरायला कोन गेला असता? सगला गाव बांधावर हाय."

बांधावर

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मीही बांधावर गेले. प्रणाली सोबत होती. ती नागोठण्याच्या एका कंपनीत लॅबमध्ये काम करते. शिफ्ट संपवून सकाळी आली होती आणि न झोपताच निघाली होती.

बांधावर चढल्यावर धरमतरची खाडी दिसली. करडं, जाड पाणी, पलीकडे खारफुटी, मधून माल भरलेली एक बार्ज सावकाश वर चाललेली. आणि आमच्या पायाशी बांधाला पडलेलं भगदाड. त्याला इकडे खांड म्हणतात. एखादी एसटी आडवी बसेल एवढी रुंद. ओहोटीची वेळ होती, तरी आतलं पाणी खांडीतून बाहेर जाताना आवाज करत होतं.

प्रणालीनं मला सगळं समजावलं. खांड बांधायची ती भांगातच. उधाणात माती टाकली तर टिकत नाही, पाणी ती घेऊन जातं. भांगाच्या तीन-चार दिवसांत, दुपारी ओहोटीला पाणी मंदावलं की दोन्ही बाजूंनी बांधत मध्ये यायचं. भांग सरला की पाणी रोज वर चढत जाणार, आणि दिवाळीच्या अमावस्येला पुन्हा उधाण. तोपर्यंत खांड उघडी राहिली तर डाव्या हाताचं सोनेरी भातही गेलं. शिवाय खारं पाणी मुरलेली जमीन धुवून निघायला पुढचे दोन-तीन पावसाळे जातात. जेसीबी आणायचा म्हटलं तर चिखलात तो पोचत नाही.

"म्हणजे भांग म्हणजे तुमच्या कामाचे दिवस," मी म्हणाले.

"या वर्षी. एरवी झोपायचे," ती हसून म्हणाली. "मामा म्हणतो, देवानं भांग दिला तो डोल विणायला आणि भांडणं मिटवायला." डोल म्हणजे खाडीत लावतात ते लांब पिशवीसारखं जाळं.

बाया-माणसांची रांग लागली होती. डोंगरपायथ्याच्या वाडीवरची माणसंही मजुरीला आली होती. एका टोकाला चिखलाचे गोळे कापत, ते हातोहात पुढे जात आणि खांडीच्या तोंडाशी, कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून जनार्दन ते बांबूंच्या कुडामागे दाबत होता. मीही पदर खोचून रांगेत शिरले. आमच्याकडची काळी माती मला माहीत, पण हा चिखल वेगळा, गार आणि लोण्यासारखा. सुनंदा म्हणाली, "हलू नको, एका जागी ऱ्हा." मी मात्र एक पाऊल पुढे टाकलं आणि गुडघ्यापर्यंत रुतले. दुसरा पाय काढायला गेले तर तोही गेला. वाडीवरच्या दोन बायकांनी मला काखेत धरून उपसलं. एक चप्पल आतच राहिली.

"ऱ्हाऊ दे, बांधात कामाला येईल," त्यातली एक म्हणाली. रांगेत हशा पिकला.

तो हशा दुपार कलल्यावर संपला. दोन्ही बाजू जवळ आल्या होत्या, मध्ये चारपाच हातांचं अंतर उरलं होतं. पण तोंड लहान झालं तसा पाण्याचा जोर वाढला. भरती लागली तेव्हा कुडाचा एक बांबू वाकला, मग शेजारचा. जनार्दननं अंगानं कूड रेटून धरला. कुणीतरी ओरडलं, "सोड, सोड!" त्याला दोघांनी मागे ओढलं आणि त्याच क्षणी तोंडाशी दाबलेला चिखल आत शेतात वाहून गेला. बाजू तेवढ्या टिकल्या.

माणसं बांधावर बसली. जनार्दन पाण्याकडे पाठ करून उभा होता. म्हणाला, "शनिवारी पुन्ना कूड उभारायचा. रविवारी तोंड बंद करायचं. त्याच्यापुढं भांग नाय."

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. रविवारी रोह्याला साखरपुडा होता.

अष्टमीला अष्टमीत

संध्याकाळी ओटीवर चहा घेताना बोलणं झालं. जनार्दन म्हणाला, "तुमी बाया जाऊन उरकून या. मी नाय आलो तर काय बिघडतंय?" प्रणालीचे वडील ती लहान असतानाच गेले. तिला मामानं खांद्यावर बसवून शाळेत नेलं.

ती म्हणाली, "मामा नसेल तर मी पाटावर बसनार नाय."

"मंग तारीख पुढं ढकलू," जनार्दन म्हणाला.

"तारीख ढकलली की लोक मुलीलाच नावं ठेवतात," सुनंदा म्हणाली. शेवटी तिनं ठरवलं की हे फोनवर सांगायचं नाही, समोर जाऊन सांगायचं. शनिवारी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघी रोह्याला निघालो. तिनं कांजी केलेली साडी नेसली होती आणि वाटेत ती एकदाही बोलली नाही. तिचे ते जुने गप्प दिवस मला ओळखता येतात. मीही बोलले नाही.

रोह्याला कुंडलिका नदी ओलांडली की पलीकडे अष्टमी म्हणून वस्ती आहे. तिथी होती अष्टमी आणि आम्ही निघालो होतो अष्टमीला. नवरा मुलगा धाटावच्या कारखान्यात नोकरीला, वडील दामोदर नाखवा. त्यांची होडी अजून नदीतून खाली खाडीत जाते. भांग म्हणून ती काठाला बांधलेली होती आणि नाखवा अंगणात जाळं पसरून फाटलेली घरं विणत बसले होते. घरासमोर मांडवाचे बांबू पडलेले. मंडपवाला खड्डे खणत होता. ते बघून सुनंदाचा चेहरा उतरला.

मुलाची आई शेवंताबाई पायरीवर बसून नातीची वेणी घालत होत्या. ठणठणीत बाई, आवाजही तसाच. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. सुनंदानं पाणी न पिताच सगळं सांगून टाकलं. उधाण, खांड, कालचा वाहून गेलेला चिखल.

शेवंताबाईंचे हात थांबले नाहीत. कंगव्याचं टोक नातीच्या कपाळापासून मागे नेत त्यांनी भांग पाडला, वाकडा वाटला म्हणून मोडला, पुन्हा पाडला. ते बघत आम्ही दोघी परीक्षेला बसल्यासारख्या बसलो होतो.

"कोलाडवरनं माजी बहीन येनार," शेवंताबाई म्हणाल्या. "आचारी सांगितलाय. शंभर मानूस जेवायला. मी त्यांना काय सांगू?"

"सांगा, मुलीचा मामा चिखलात उभा हाय," सुनंदा म्हणाली. तिनं नजर खाली केली नाही. "तो गंमत म्हनून उभा नाय. आनि त्याच्याशिवाय माजी मुलगी पाटावर बसनार नाय. तुम्हाला राग आला तर तो मी ऐकून घेईन."

दामोदर नाखव्यांनी सुई खाली ठेवली. "तोंड केवढं ऱ्हायलंय?"

"चारपाच हात."

"खोली?"

"भावाच्या कमरेला लागतंय. मध्ये जास्त."

"आनि कूड बांबूचा. मागं पेंढा हाय का नुसता चिखल?"

सुनंदाला एवढं माहीत नव्हतं. मी आदल्या दिवशी रांगेत पुढे होते म्हणून सांगितलं, की पेंढा टाकत होते, पण तो निसटून वाहत होता. नाखव्यांनी मान हलवली आणि नदीकडे बघत बसले.

"हितं मी साखरपुड्याचं बोलतेय," शेवंताबाई त्यांच्यावर खेकसल्या.

"मीपन तेच बोलतोय," नाखवा म्हणाले. "उद्या भरती दिवेलागनीला. काम त्याच्या आदी संपेल, नाय तर संपनारच नाय. साखरपुडा त्यांच्याकडं करू. संध्याकाली."

शेवंताबाईंनी नातीला उठवलं. तिची हनुवटी धरून भांग सरळ आला का ते बघितलं आणि तिला खेळायला सोडलं. मग सुनंदाकडे वळल्या. "शंभर मानसांना ताटं पुरतील का तुमच्याकडं?"

"मागवू."

"आचारी माजाच येईल. तुमी बिरडं तेवढं करून ठेवा. आनि मामाला सांगा, आंघोल करून बसायचं. माज्या साडीला चिखल लागला तर मी ऐकनार नाय."

सुनंदानं तेव्हा पाणी प्यायलं. भांडं रिकामं केलं आणि आणखी मागितलं. परत येताना पुलावर ती थांबली. खाली नदीचं पाणी कसलीच घाई नसल्यासारखं उभं होतं. "मिरजेला तुला सांगितलं व्हतं ना भांग म्हंजे काय," ती म्हणाली. "अर्धंच सांगितलं व्हतं गो. आमचं सगलं भांगातच ठरतं. लग्नं, वाटन्या, बांध. तवाच गडी घरात असतात."

रविवार

रविवारी सकाळी आम्ही बांधावर पोचलो तोवर दामोदर नाखवा आलेले होते. टेम्पोतून मुलगा निखिल, त्याचे तीन मित्र आणि एक जुनं डोल जाळं घेऊन. सोयरिकीच्या दिवशी व्याही असा लुंगी वर खोचून उभा, हे आमच्याकडे कुणी ऐकूनही घेतलं नसतं. जनार्दन संकोचला होता, आणि ते जाळं बघून त्याला जरा रागही आला असावा.

"नाखवा, पानी धरायचंय, मासली नाय," तो म्हणाला.

"पानी नाय धरायचं. पेंढा धरायचाय," नाखवा शांतपणे म्हणाले. "तुज्या कुडात काय चूक नाय. मागचा पेंढा सुटतोय म्हनून चिखल जातोय. जाल्यात भरून टाकू."

जनार्दन खांडीकडे बघत राहिला. मग त्यानं स्वतःच जाळ्याचं एक टोक उचललं. दोघांमध्ये थोडी हुज्जतही झाली. नाखव्यांना जाळं आडवं हवं होतं, जनार्दनला उभं. खाडी नाखव्यांची असली तरी बांध जनार्दनचा. शेवटी त्याचंच ऐकलं गेलं. बायकांनी जाळ्यात पेंढा आणि चिखल थरावर थर भरले. भरलेलं जाळं अजगरासारखं लांब झालं. ते ढकलत, लोळवत तोंडाशी नेलं. दुपारच्या ओहोटीला पाणी मंदावल्यावर जनार्दननं हात वर केला आणि सगळ्यांनी मिळून ते खाली सोडलं.

पाणी त्यावर चढलं, घुटमळलं. जाळं हललं, फुगलं, पण जागेवर राहिलं. मग चिखलाचा नुसता पाऊस. मी किती गोळे पुढे दिले ते ठाऊक नाही. माझ्या पुढे प्रणाली होती, तिच्या पुढे निखिल. साखरपुड्याआधी त्या दोघांनी एकमेकांच्या हातात काही दिलं असेल, तर तो चिखल. कुणीतरी हे मोठ्यानं बोललं आणि निखिल लाजून उलट्या बाजूला वळला, तर गोळा थेट नाखव्यांच्या पाठीत बसला.

उन्हं उतरता उतरता खांडीच्या जागी काळा, ओला, ओबडधोबड बांध उभा होता. जनार्दन त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला आणि टाचा आपटून बघत परत आला. "बायानू, घरी जा. नटा," तो म्हणाला. रात्रीच्या पहाऱ्याला दोन गडी तिथे ठेवले.

दिवेलागणीला अंगण माणसांनी भरलं. शेवंताबाई जरीची साडी नेसून आल्या होत्या आणि आचाऱ्यावर त्यांची एक नजर होती. प्रणालीला पाटावर बसवल्यावर त्यांनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं, ओटी भरली. मग तिच्या भांगात अडकलेला वाळका चिखल त्यांना दिसला. त्यांनी तो नखानं काढला आणि तिथेही कुंकवाचं बोट टेकवलं.

जनार्दन नवा सदरा घालून पाटाशेजारी बसला होता. हसत होता, पण ऐकत दुसरंच होता. बांधाकडून येणाऱ्या प्रत्येक आवाजाला त्याची मान वळायची. दामोदर नाखव्यांचंही तेच. गावातले पुरुष उगाच खिशाला हात लावून बघत होते. भरतीची वेळ झाली होती. अंगठ्या घातल्या, पेढे भरवले, आणि जनार्दनच्या खिशात फोन वाजला. त्यानं हात लावला नाही. वाजून बंद झाला. पुन्हा वाजला.

"मामा, उचल ना," प्रणाली म्हणाली.

त्यानं फोन कानाला लावला. "बोल," म्हणाला. मग नुसतं, "हां... हां... बरं." फोन खाली ठेवून तो क्षणभर स्वतःच्या हातांकडे बघत राहिला.

"काय झालं?" सुनंदानं विचारलं.

"पानी आलं," तो म्हणाला. "बाहेर उभं हाय. आत थेंब नाय."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका म्हातारीनं पदरानं डोळे पुसले. दामोदर नाखव्यांनी जनार्दनच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला. शेवंताबाई उठल्या. "मंग वाढा पानं," म्हणाल्या, "मानसं सकालपासून उपाशी हायेत."

मी सोमवारी निघाले, तेव्हा बायका डाव्या हाताच्या शेतांत भात कापायला उतरल्या होत्या. अमावस्येपर्यंत जेवढं कापून होईल तेवढं कापायचं ठरलं होतं. दिवाळीच्या उधाणाला बांध एका ठिकाणी थोडा झिरपला, पण टिकला, असं सुनंदानं पुढे कळवलं. उजव्या हाताची शेतं मात्र गेली. ती दोन वर्षं तरी पिकणार नाहीत आणि त्यात जनार्दनचंही एक शेत आहे.

पण त्या सोमवारी सकाळी तो ओटीवर आडवा झाला होता. नवा सदरा तसाच अंगावर, एक पाय खाली लोंबकळत, तोंड उघडं. मला स्टेशनवर सोडायचं त्यानं कबूल केलं होतं. प्रणाली त्याला हाक मारायला गेली, तर सुनंदानं तिला हातानं मागे धरलं आणि माझी पिशवी स्वतः उचलली. आम्ही दोघी पावलांचा आवाज न करता अंगणाबाहेर पडलो.